घरात नको, परसात राहू दे! पूर्णा परिसरात बिनविषारी साप का टिकायला हवेत?

पूर्णा (ता. भिवंडी) : पावसाचे पहिले दोन-चार सडाके पडले, की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात एक गोष्ट हमखास घडते. कुणाच्या तरी परसात, मोरीजवळ किंवा गोदामाच्या भिंतीला लागून साप दिसतो. आरडाओरडा होतो, काठ्या निघतात आणि थोड्या वेळात ठेचलेल्या सापाचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. "कुठला होता रे?" हा प्रश्न साप मेल्यावर विचारला जातो. उत्तर पुष्कळदा एकच असतं: धामण, नाहीतर दिवड. दोन्ही बिनविषारी.

सापाची भीती खोटी नाही. सर्पदंशाने माणसं मरतात आणि त्यातली बहुतेक खेड्यातली असतात. त्यामुळे "साप दिसला की मारा" म्हणणाऱ्याला अडाणी ठरवून विषय संपत नाही. पण माणसांचा जीव वाचवायचा असेल तर सरसकट काठी चालवून तो वाचतो का, हे एकदा तपासायला हवं. हिशेब मांडला तर उत्तर "नाही" असंच येतं. घराचा उंबरठा सापासाठी बंद आणि परसाचा कोपरा बिनविषारी सापासाठी मोकळा, ही विभागणी जास्त सुरक्षित आहे. ती का आणि कशी, ते पाहू.

खाचरं गेली, गोदामं आली

जुन्या आग्रा रोडवरची ही गावं पूर्वी भातशेतीची. एका बाजूला खाडी आणि खाजण, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, मधे गाव. गेल्या काही दशकांत खाचरांवर मातीचा भराव पडला आणि गोदामं उभी राहिली. आज देशभरात ऑनलाइन मागवलेला माल भिवंडीच्या गोदामांतून फिरतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या मार्गावर पूर्णा नावाचं स्थानकही आहे. ज्या गावाची ओळख लावणी आणि झोडणीने होत होती, त्याची ओळख आता कंटेनर आणि ट्रेलरने होते.

भराव पडताना बांध जातात, बांधातली बिळं जातात, नाले बुजतात किंवा सिमेंटचे होतात. बांध हे सापाचं घर होतं. तिथे उंदीर होते, बेडूक होते, ऊन खायला जागा होती आणि लपायला भोकं होती. ती जागा गेल्यावर सापाकडे उरतात तीन ठिकाणं: गोदामामागची मोकळी पट्टी, गटाराचा काठ आणि गावातल्या घरांचं परस. केळी, अळू, नारळ, शेवगा, पेंढ्याची उडवी, सरपणाचा ढीग असलेलं परस म्हणजे सापाच्या नजरेने उरलेल्या बांधाचा शेवटचा तुकडा. "हल्ली साप फार वाढलेत" असं गावात म्हटलं जातं, त्यामागे हेही एक कारण आहे. साप वाढलेत म्हणण्यापेक्षा त्यांना जायला जागा उरली नाही म्हणणं जास्त बरोबर ठरेल.

त्याच वेळी उंदरांना मात्र सोन्याचे दिवस आले. गोदामात पुठ्ठ्याची खोकी आणि लाकडी पॅलेट, बाहेर ट्रकवाल्यांसाठी टपऱ्या आणि ढाबे, रस्त्याच्या कडेला उष्टं-खरकटं, उघडी गटारं. खायला, लपायला आणि पिल्लं घालायला सगळं एका जागी. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत पिल्लं देते, एका वेळी सहा-आठ, कधी त्याहूनही जास्त. वर्षातून हे अनेकदा होतं. म्हणजे एका बाजूला उंदराला खाणारा कमी होतोय आणि दुसऱ्या बाजूला उंदीर वाढतोय.

परसात येतो तो कोण?

आपल्याकडच्या परसात दिसणारे बरेचसे साप बिनविषारी असतात. त्यातले नेहमीचे पाहुणे असे:

धामण. लांब, चपळ, पिवळसर किंवा तपकिरी. पूर्ण वाढलेली धामण सात-आठ फूटही भरते, म्हणूनच लोक घाबरतात. दिवसा फिरते, माणूस दिसला की पळते. मुख्य खाणं उंदीर आणि घुशी, शिवाय बेडूक. मांजराला उंदराच्या बिळात शिरता येत नाही, धामणीला येतं. आत असलेली पिल्लंसुद्धा ती संपवते. शेतकऱ्याचा मित्र हे बिरुद तिला उगाच मिळालेलं नाही.

दिवड. पाण्याजवळची. गटार, विहीर, तळं, पाणी साचलेलं खाचर इथे दिसते. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्याखाली दोन तिरक्या काळ्या रेघा. बेडूक आणि मासे खाते. स्वभावाने तापट. डिवचलं तर मान चपटी करते, चावतेही. त्यामुळे तिला नाग समजून मारतात. विष नाही.

नानेटी. हाता-दीड हाताची, अंगावर दोन पिवळसर पट्टे. पावसाळ्यात गवतात दिसते. लहान बेडूक खाते. गरीब स्वभावाची, सहसा चावतही नाही.

कवड्या. रात्री भिंतीवर चढणारा छोटा साप. पालींच्या मागावर घरात शिरतो. विष नाही, पण मण्यारीसारखा दिसतो. त्याचा घोळ पुढे सविस्तर.

तस्कर. तपकिरी, शेपटीकडे दोन गडद पट्टे. उंदीर खातो.

वाळा. गांडुळाएवढा, काळसर चकचकीत. कुंडीखाली, ओल्या मातीत सापडतो. मुंग्या आणि वाळवीची अंडी खातो. याला साप म्हणून मारणं म्हणजे वाळवीला मदत करणं.

हरणटोळ आणि मांजऱ्या हे निमविषारी. त्यांचं सौम्य विष पाल, सरडा, छोटा पक्षी यांच्यापुरतं असतं. माणसाच्या जिवाला त्याने सहसा धोका होत नाही, तरी हात लावायचा नाही.

उंदराचा हिशेब

उंदीर म्हणजे फक्त कुरतडलेली साडी आणि फाटलेली पोती नाहीत. खाचरात तो उभं भात कापतो, कणगीतलं धान्य आणि डब्यातली सुकी मासळी नासवतो. मोटारसायकलची वायर आणि पाण्याचा पाइपही सोडत नाही. त्याहून मोठा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदराच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून किंवा चिरेतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात या तापाने अनेकांचे बळी घेतले होते. कामवारीला पूर आला की भिवंडीच्या सखल भागात पाणी भरतं. अशा पाण्यातून चालताना पायाखाली कुठलं पाणी आहे ते कळत नाही. उंदीर जितके जास्त, तितका हा धोका जास्त.

मग उंदराचं औषध आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे, पण त्याची दुसरी बाजू आहे. बाजारातली बरीच औषधं उंदराला लगेच मारत नाहीत. रक्त गोठू न देता दोन-चार दिवसांत मारतात. तेवढ्या वेळात तो सुस्तावलेला उंदीर घुबड, मांजर किंवा साप खातो आणि विष त्यांच्याही अंगात जातं. उंदीर पुन्हा वाढतात, कारण त्यांचा पाळणा लवकर हलतो. घुबड आणि धामण इतक्या वेगाने वाढत नाहीत. दरवर्षी औषध जास्त आणि उंदीरही जास्त, या फेऱ्यातून सुटका होत नाही.

अर्थात धामण म्हणजे जादूची कांडी नव्हे. साप रोज खात नाही. एकदा पोट भरलं की कित्येक दिवस शांत पडून राहतो. गोदामाबाहेर खरकट्याचा ढीग तसाच ठेवून "धामण आहे ना" म्हणून चालणार नाही. कचरा उचलला आणि धामण जगू दिली, तरच उंदीर आटोक्यात येतात. दोन्हीतलं एक पुरत नाही.

"मग नागही येईल की!"

ही शंका रास्त आहे आणि तिला सरळ उत्तर द्यायला हवं. हो, नाग आणि घोणसही उंदरांच्या मागावर येतात. ज्या परसात धामण येऊ शकते, तिथे तेही येऊ शकतात. "धामण असली की नाग येत नाही" असं काही जण छातीठोक सांगतात, त्यात तथ्य नाही. नाग तर धामणीलाही खातो आणि मण्यार इतर साप खाते. तेव्हा बिनविषारी साप पहारेकरी आहे अशा समजुतीत कुणी राहू नये.

पण यातूनच पुढचा मुद्दा निघतो. विषारी साप घराजवळ येतो तो भक्ष्यासाठी. भक्ष्य म्हणजे उंदीर. धामण मारली, उंदीर राहिले, तर नाग-घोणशीचं ताट वाढलेलंच राहिलं. त्यात काठी घेऊन सापाच्या जवळ जाण्याचा धोका वेगळा. लांबून जाऊ दिलेला साप चावत नाही. कोपऱ्यात कोंडलेला, अर्धवट ठेचलेला साप चावतो. मेलेला समजून हातात उचललेला सापही चावू शकतो.

म्हणून "स्वागत" या शब्दाचा अर्थ नीट घ्यायला हवा. साप आणून सोडायचा नाही, पाळायचा नाही, वाटीत दूध ठेवायचं नाही. साप दूध पीत नाही. गारुडी त्याला दिवसेंदिवस तहानलेला ठेवतात, म्हणून तो समोर येईल ते पितो. स्वागत म्हणजे एवढंच, की परसातून जाणारा बिनविषारी साप ओळखायचा आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं.

घोळ होतो तिथेच जीव जातो

भारतात सर्पदंशाच्या मृत्यूंना मुख्यतः चार जाती कारणीभूत आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस या चौघांच्याच विषावर बनते. या चौघांची आणि त्यांच्या बिनविषारी जोडीदारांची ओळख प्रत्येक घरात असायला हवी.

कवड्या आणि मण्यार. सर्वांत धोकादायक घोळ हाच. मण्यार काळी-निळसर, चकचकीत. पांढरे आडवे पट्टे बारीक, पुष्कळदा जोडीजोडीने, डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. दोघेही रात्रीचे, दोघेही घरात शिरणारे. म्हणून रात्री घरात पट्ट्यांचा साप दिसला तर तो मण्यारच समजायचा. "कवड्या आहे, काही करत नाही" म्हणत हाताने उचलायला जाणं जिवावर बेतू शकतं.

घोणस, अजगर आणि डुरक्या घोणस. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे लंबगोल ठिपके तीन रांगांत असतात, डोकं त्रिकोणी, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. अजगराच्या पिल्लावरचे डाग वेडेवाकडे असतात. डुरक्या जाडजूड, आखूड शेपटीचा आणि बिनविषारी. लहान अजगर समजून घोणस हाताळायला गेलेल्यांना ती चूक महागात पडते.

नाग आणि धामण. नागाने फणा काढला की शंका राहत नाही, पण फणा काढला नाही म्हणजे नाग नाही असं नसतं. धामणीचे डोळे मोठे, आणि ओठांच्या कडेला उभ्या काळ्या रेघा असतात. धामण नागाची नवरी आहे, ही समजूत चुकीची. दोन्ही वेगळ्या जाती. उभे राहून एकमेकांना विळखे घालणारे दोन साप बहुतेक वेळा दोन नर धामणी असतात आणि ती त्यांची कुस्ती असते. त्यावर कपडा टाकून नशीब उजळत नाही.

फुरसं खडकाळ, उघड्या माळाचं जनावर. कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गकडे ते जास्त. आकाराने लहान, पण अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज काढतं. आवाज ऐकला की मागे सरायचं.

या सगळ्यावर एक नियम पुरतो: शंका असेल तर विषारी समजा, चार-पाच पावलं मागे व्हा. मोबाइलवर लांबून फोटो काढा, झूम करा. फोटोसाठी पुढे जाऊ नका.

चावला तर वेळ हेच औषध

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याचं ध्येय. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र लिहून सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार ठरवायला सांगितलं. नोंदच नसेल तर कुठल्या आरोग्य केंद्रात किती लस लागते, हे ठरणार कसं?

आराखडा कागदावर राहील की गावात उतरेल, हे पहिल्या तासाभरात आपण काय करतो त्यावरही ठरतं. चावलेल्याला धीर द्या, चालायला-पळायला लावू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ काढा, कारण सूज चढते. चावलेला हात किंवा पाय लाकडाच्या पट्टीला बांधून हलू देऊ नका. दोरी आवळून बांधू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने चोखू नका, मिरची-कडुनिंब खायला घालून बघत बसू नका. भगताकडे जाण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. बिनविषारी सापाने चावलेला माणूस भगताकडेही बरा होतो, झाडाखाली बसूनही बरा होतो. भगताची कीर्ती त्यावरच उभी असते.

१०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. पूर्णा-काल्हेरकरांना भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय जवळ. पुढे पाठवायची वेळ आली तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. वाटेतली कोंडी सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे "थोडं थांबून बघू" ही चैन इथे परवडत नाही. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, फोटो असेल तर पुरे. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही, तर घोणस-फुरशासारख्या सापाचं विष चढलंय असं समजतात. पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं ही नाग-मण्यारीची खूण.

मण्यारीचा दंश वेगळा लक्षात ठेवायला हवा. तो रात्री, झोपेत होतो. दुखत नाही, व्रण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, डोळे उघडत नाहीत आणि घरचे अपचन समजतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असा त्रास झाला तर दुसरा विचार न करता दवाखाना गाठायचा. बिनविषारी सापानेच चावलंय याची खात्री असली तरी जखम साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि डॉक्टरांच्या नजरेखाली थांबा. आपली खात्री चुकलेली असू शकते.

एक पैशाचीही बाजू आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास शेतकरी कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. खातेदार शेतकरी आणि कुटुंबातला एक सदस्य, वय १० ते ७५, यात बसतात. अर्जाची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायची. दवाखान्यात नोंदच झाली नसेल तर हा हक्कही कागदाअभावी अडकतो. आणि ज्यांची जमीन गोदामाला गेली, सातबाऱ्यावर नाव उरलं नाही, त्यांनी आपण योजनेत बसतो का हे आधीच विचारून ठेवावं.

कायदा काय म्हणतो?

साप मारणं, पकडून ठेवणं, खेळ करणं, विकणं या सगळ्याला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ने मनाई आहे. शिक्षा तुरुंगवासाची आणि दंडाची. २०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढला. ठेचलेल्या सापाचा फोटो ग्रुपवर टाकणारा आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध पुरावा देतो, हे तरुणांनी ध्यानात घ्यावं.

मांडुळाचं प्रकरण तर आणखी वाईट. "दोन तोंडांचा" म्हणवला जाणारा हा गरीब साप गुप्तधन शोधतो, औषधाला लागतो अशा थापांवर लाखोंच्या सौद्यांच्या गोष्टी फिरतात. ठाणे जिल्ह्यात मांडूळ विकायला आलेल्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. त्याला तोंड एकच आहे. शेपटी बोथट असते, इतकंच.

साप घरात शिरला असेल तर वनविभागाचा मदत क्रमांक १९२६. गावोगावी सर्पमित्रही आहेत. पण सर्पमित्र निवडतानाही डोळे उघडे हवेत. आकडा आणि पिशवी घेऊन येणारा, साप अंगाशी न नेणारा, वनविभागाला कळवणारा तो खरा. गळ्यात साप घालून रील काढणारा, पोरांना हात लावू देणारा नव्हे. २०२५ मध्ये राज्य सरकारच्या पातळीवर सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि अपघाती विमा देण्याची चर्चा पुढे आली. ओळखपत्र आलं तर खरा कोण आणि हौशी कोण, हे गावकऱ्याला कळेल.

घर, परस, गोदाम: कुणी काय करायचं?

घर बंद ठेवा. दाराखालची फट, मोरीचं तोंड, पाइपभोवतीची भोकं जाळीने किंवा सिमेंटने बुजवा. घराच्या भिंतीपासून चार-पाच हात जागा साफ ठेवा. सरपण, विटा, जुने पत्रे, पेंढा भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा मण्यारीवरचा स्वस्त आणि चांगला उपाय. कोंबड्यांचं खुराडं घराला लागून नको, कारण दाण्याला उंदीर येतात आणि अंडी-पिल्लांना साप. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायात बूट. बूट घालण्याआधी झटकायचे.

परसाचा लांबचा कोपरा मोकळा सोडा. तिथे थोडं गवत, दगडांची रास, पाण्याचं भांडं असलं तर धामण, तस्कर, बेडूक, मुंगूस सगळ्यांची सोय होते. मुलं खेळतात ती जागा मात्र यापासून लांब आणि साफ हवी. भाजीवर बारीक नायलॉनची जाळी जमिनीपर्यंत सोडू नका, त्यात साप अडकून मरतात. पेंढा किंवा दगड उचलताना आधी काठीने हलवा, थेट हात घालू नका. कोपरा नसेल, परस दोन हातांचंच असेल, तर साप दिसल्यावर वाट मोकळी करून देणं एवढंही पुरे.

गोदामवाल्यांनी चिकट पट्ट्या आणि विषारी गोळ्यांवर भिस्त ठेवण्याआधी खरकटं झाकावं, शटरखालच्या फटी बंद कराव्यात, आवाराच्या कडेला पडलेली मोडकी पॅलेट हटवावीत. चिकट पट्टीवर उंदरासोबत सापही अडकतो. मग तो अर्धमेला, चिडलेला साप सोडवायचा कुणी? बहुधा रात्रपाळीचा हमाल किंवा पहारेकरी. हे लोक परगावचे, पुष्कळदा जमिनीवर झोपणारे. त्यांना सापाची ओळख आणि १०८ क्रमांक सांगणं ही मालकाची जबाबदारी आहे. शक्य तर खाट आणि मच्छरदाणीही.

राहिली ग्रामपंचायत. उघडी गटारं आणि रस्त्याकडेचा कचरा हा प्रश्न एकट्या घराच्या आवाक्यातला नाही. भराव टाकताना नाल्याची वाट आणि काठाची झाडी ठेवली का, हे ग्रामस्थांनी विचारायला हवं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन प्रश्न मांडता येतील. आपल्या आरोग्य केंद्रात आज प्रतिविष लसीच्या किती कुप्या आहेत? गावातल्या सर्पमित्राचा आणि वनविभागाचा नंबर शाळेच्या आणि पंचायतीच्या भिंतीवर लिहिलाय का? ढाब्यांचं खरकटं उचलायची जबाबदारी कुणाची?

नागपंचमीला जमीन खणू नये, विळीने चिरू नये असं जुनी माणसं सांगत. तो एक दिवसाचा संयम पावसाळ्याचे चार महिने पाळायला काही खर्च येत नाही. धामण दिसली तर पोरांना आत घ्या, कुत्रा बांधा आणि थोडा वेळ थांबा. ती बहुतेक वेळा स्वतःच निघून जाते, आणि जाताना एखादा उंदीर घेऊन जाते.